दारवानाच्या पोटातलं पाणी

थेंबकाकांना सगळे थेंबकाका म्हणायचे त्याला कारण होतं. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी त्यांचा कान स्वयंपाकघराकडे जायचा. "नळ गळतोय तुमचा," हे त्यांचं पहिलं वाक्य. घरचे "अहो, राहू द्या" म्हणेपर्यंत काकांच्या खिशातला पाना बाहेर आलेला असायचा. चहा निवून जायचा, पण नळ बंद व्हायचा.

माणसांच्या बाबतीतही त्यांची हीच तऱ्हा होती. कुठेतरी काहीतरी गळतंय, हे त्यांना आधी ऐकू यायचं. कुठून ते मागाहून शोधायचे. शोधून सापडलं नाही तरी त्यांची शंका जायची नाही, उलट जास्त पक्की व्हायची.

त्यांचा छोटा कारखाना होता. धातू कातायचे दोन लेथ, एक ड्रिल, एक लांब टेबल आणि कोपऱ्यात हवा दाबणारा कॉम्प्रेसर. याच टेबलावर काकांनी अर्धं आयुष्य घालवून एक वस्तू बनवली होती आणि तिचं नाव ठेवलं होतं 'दारवान'. मुठीएवढी पितळी डबी. दाबलेल्या हवेवर जिथे जिथे यंत्रं चालतात, तिथे एक दुखणं ठरलेलं असतं. हवा दाबली की तापते, पाइपातून जाताना निवते, आणि निवली की तिच्यातली ओल पाणी होऊन बसते. ते पाणी पुढे यंत्रात शिरलं की गंज, बिघाड, कटकट. दारवान त्या पाइपला खाली लटकायचा. पाणी त्याच्या पोटात साठलं की आतला पोकळ गोळा तरंगून वर यायचा, तळाचं बारीक भोक उघडायचा, पाणी फुर्रकन बाहेर पडायचं आणि हवा निसटायच्या आत भोक पुन्हा बंद. ना वीज लागायची, ना माणूस. "पाण्याला जाऊ देतो, हवेला दाराला हातही लावू देत नाही," काका कौतुकाने सांगायचे, जसं कुणी घरातल्या पहिल्या नातवाबद्दल सांगावं.

या कारखान्यात त्यांचा जावई कामाला होता. त्याची आधीची नोकरी गेली तेव्हा काकूंनी विषय काढला आणि काकांनी हो म्हटलं. म्हणजे नाही म्हणता आलं नाही. जावई कामाला चोख होता, बोलायला कमी. आणि हे कमी बोलणंच काकांना खुपायचं. जो माणूस बोलत नाही तो मनात काहीतरी शिजवतो, असं त्यांचं मत होतं.

मग गॅरेजमधून तक्रार आली.

शहराच्या दुसऱ्या टोकाला गाड्या रंगवायचं एक मोठं गॅरेज होतं. तिथे सहा दारवान लावले होते. गॅरेजमालकाने काकांना बोलावून एक निळा दरवाजा दाखवला. रंगावर बारीक बारीक फोड उठले होते, गोवर आल्यासारखे.

"हवेतून पाणी येतंय," मालक म्हणाला. "तुमचा दारवान झोपलाय काका."

"माझा दारवान झोपत नाही," काका म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

परत येऊन त्यांनी टेबलावरच्या दारवानाची परीक्षा घेतली. दिवसभर पाणी घातलं, दिवसभर त्याने ते बाहेर फेकलं. एकदाही अडला नाही. म्हणजे वस्तूत खोट नव्हती. आणि वस्तूत खोट नसेल तर खोट माणसात असणार, हा काकांचा हिशेब सरळ होता. गॅरेजमध्ये दारवान बसवायला कोण गेलं होतं? जावई. तिथे येणंजाणं कुणाचं? जावयाचं.

तरीही ते गप्प राहिले असते. पण त्याच आठवड्यात त्यांनी जावयाला बाजारातल्या एका हॉटेलात बसलेलं पाहिलं. समोर टायवाला माणूस होता. काकांनी त्याला ओळखलं. एक बडी कंपनी विजेवर चालणारं यंत्र विकायची, जे ठरावीक वेळाने आपोआप उघडून पाइपातलं पाणी सोडतं. त्या कंपनीचा तो माणूस. जावई टेबलावर बोटाने काहीतरी काढून दाखवत होता आणि टायवाला मान डोलवत होता. काका काचेबाहेर उभे राहिले, आत गेले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना थोडं बरं वाटलं. शेवटी सापडलं, कुठून गळतंय ते.

"तुमच्या जावयाची लक्षणं ठीक नाहीत," त्यांनी घरी येऊन काकूंना सांगितलं.

"माझ्या एकटीचा आहे का तो?" काकू म्हणाल्या. "आणि काय केलं त्याने?"

"माझी वस्तू मुद्दाम बिघडवतोय. दारवान बदनाम झाला की तिथे त्या बड्या कंपनीचं यंत्र बसेल. आणि आतली सगळी रचना त्यांना फुकट कळेल."

काकूंनी त्यांच्याकडे डॉक्टरने रुग्णाकडे बघावं तसं पाहिलं. "सावली मागून येते म्हणून तुम्हाला तिचाही संशय येतो," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

काका काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. पुढच्या वेळी ते एकटेच गॅरेजमध्ये गेले. आत बघायची त्यांना गरज वाटली नाही; सहाही दारवान बाहेरून पुसले, स्क्रू आवळले, आणि प्रत्येकाच्या तळच्या स्क्रूवर लाल रंगाचा एक ठिपका दिला. ठिपका अर्धा स्क्रूवर, अर्धा डबीवर. कुणी स्क्रू फिरवला की ठिपका फुटणार. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

काही दिवसांनी पुन्हा तक्रार आली. काका गेले, खाली वाकले, चष्मा पुसून पाहू लागले. सहाही ठिपके जागेवर होते. क्षणभर त्यांना स्वतःची लाज वाटली. पण तीन ठिपके जरा जास्तच चमकत होते. काकांनी एकावर नख घासलं. त्यांनी दिलेला रंग साधा होता, विटकरी लाल. हा गुलाबीकडे झुकणारा होता आणि काचेसारखा गुळगुळीत. कुणीतरी स्क्रू उघडला होता, ठिपका फुटलेला पाहिला होता आणि वरून नवा ठिपका दिला होता. साधा चोर नव्हता हा. डोकं चालवणारा होता.

त्यांनी दारवान उघडायला पाना काढला, पण तेवढ्यात मालक तिकडून ओरडत आला, गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय, आज लाइन बंद करता येणार नाही म्हणाला. काका तसेच परतले.

सुट्टीच्या दिवशी लेक आईला भेटायला आली. काका खुर्चीत बसले होते. लेकीने पाण्याचा पेला पुढे केला आणि काकांचा हात हवेतच राहिला. तिच्या नखांवर तोच रंग होता. गुलाबीकडे झुकणारा, काचेसारखा.

"काय झालं बाबा?" लेक म्हणाली.

"काही नाही," काका म्हणाले आणि पाणी न पिताच पेला खाली ठेवला.

म्हणजे दोघंही. जावयाचं एक वेळ ठीक, तो परका. पण पोटची पोर? तिने नेलपॉलिशची बाटली काढून दिली असणार, नवऱ्याची चोरी झाकायला. त्या दिवशी जेवताना लेक काय बोलत होती, काकू कशावर हसत होत्या, काकांना काही कळलं नाही. ते फक्त त्या नखांकडे बघत होते. लेक गेली तेव्हा त्यांनी तिला दारापर्यंत सोडलंही नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जावई लेथवर होता. काका त्याच्या पाठीशी जाऊन उभे राहिले.

"जावईबापू, गॅरेजमधले दारवान तुम्ही उघडलेत?"

जावयाने लेथ बंद केला. त्याने चाक थांबू दिलं. मग म्हणाला, "उघडलेत."

काकांना वाटलं होतं तो नाकबूल करेल. त्याची सगळी तयारी त्यांनी करून ठेवली होती. आता ती वाया गेली.

"का?"

"ते मी सांगू शकत नाही, बाबा. मी शब्द दिलाय."

"कुणाला? त्या टायवाल्याला?"

"कोणता टायवा..." जावई थांबला. त्याच्या लक्षात आलं. "तुम्ही हॉटेलाबाहेर होतात? मग आत यायचं होतंत. चहा पाजला असता."

"तुमची बोलणी चालली होती. मी कशाला मोडता घालू?"

"बोलणी नोकरीची चालली होती," जावई म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, पण हाताने त्याने लेथची कड घट्ट धरली होती. "इथे मी रोज संध्याकाळी निघालो की तुम्ही माझ्या पिशवीकडे बघता. मी फोनवर बोललो की तुम्ही ड्रिल बंद करता. किती दिवस माणसाने असं काम करायचं? त्यांनी विचारलं, मी गेलो. टेबलावर काढून दाखवत होतो ते माझं आधीच्या नोकरीतलं काम, दारवानाबद्दल त्यांना एक अक्षर सांगितलेलं नाही. विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका."

"ज्याला कारण सांगता येत नाही, त्याच्यावर ठेवू विश्वास?"

जावयाने अंगावरचा एप्रन काढला, नीट घडी घातली, खुंटीला न अडकवता टेबलावर ठेवला. शेजारी कारखान्याची किल्ली. मग डबा उचलला आणि निघून गेला. पिशवी मात्र त्याने जाताना उघडून दाखवली. आत एक रुमाल होता.

काकूंनी संध्याकाळी सगळं ऐकून घेतलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

काकांना वाटलं होतं, आता हलकं वाटेल. वाटलं नाही. पुरावा हातात यायला हवा होता. त्याने आत नेमकं काय बिघडवलंय, ते काढून सगळ्यांच्या तोंडावर मारायचं. सकाळी उठून ते थेट गॅरेजमध्ये गेले.

गॅरेजमधला रंगारी जुना माणूस होता. तोंडावर मास्क, कपाळावर सात रंगांचे शिंतोडे. "आज काम कमी आहे, करा काय करायचं ते," म्हणत त्याने हवेची लाइन बंद केली.

काकांनी शेवटच्या टोकापासून सुरुवात केली. पहिला होता विटकरी ठिपक्याचा, त्यांचा स्वतःचा. त्याला कुणी हात लावलेला नव्हता, तेव्हा तो ठीकच असणार. त्यांनी तळचा स्क्रू फिरवून डबी उघडली आणि त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत पाणी ओघळलं. दुधासारखं पांढरट, तेलकट पाणी. डबी गळ्यापर्यंत भरलेली होती. भोकावर बसणारा रबरी वॉशर फुगून चिंचोक्याएवढा झाला होता आणि त्याने भोक गच्च बंद केलं होतं.

काका बघतच राहिले. मग घाईघाईने दुसरा उघडला, तोही विटकरी ठिपक्याचा. तुडुंब. तिसरा, तसाच.

आता उरले चमकते ठिपके. त्यांनी चौथा उघडला. आत नुसता ओलावा. वॉशर वेगळाच होता, चहाच्या रंगाचा, जराही न फुगलेला. आणि गोळ्याला खालून केसाएवढी बारीक तार जोडलेली होती, जी तळाच्या भोकातून आरपार जात होती. गोळा हलला की तारही वरखाली व्हायची आणि भोकातला चिकटा आपोआप निघायचा. काकांनी बोटाने गोळा उचलला, सोडला, पुन्हा उचलला. अर्धं आयुष्य त्या भोकाशी झगडले होते ते, आणि ही तार त्यांना सुचली नव्हती.

तरी शंका काही गप्प बसेना. 'म्हणजे हे नमुने,' ती म्हणाली. 'बड्या कंपनीला दाखवायला इथे चालवून बघतोय. तुझ्या गिऱ्हाइकाच्या जिवावर.'

"काय, काका?" रंगारी मागून म्हणाला. "ताईंनी बाकीचे तीन कधी करायचे म्हटलंय? ज्यांना त्यांचा हात लागलाय तिकडच्या रंगाच्या गनमधून एक फोड येत नाही. या तिघांनी मात्र जीव काढलाय."

"कोण ताई?"

"तुमची मुलगी हो." रंगाऱ्याने मास्क खाली केला. "सुट्टीच्या दिवशी येतात दोघं. जावई पाइप धरतात, पाने देतात. काम ताईच करतात, डोळ्याला ते भिंग लावून. म्हणाल्या, इथला कॉम्प्रेसर म्हातारा आहे, हवेत तेल सोडतो, तेलाने रबर फुगतं. मला वाटलं, तुम्हीच पाठवता."

काका तिथल्याच एका उलट्या डब्यावर बसले. कारखान्यातला त्यांचा कॉम्प्रेसर नवा होता, त्याच्या हवेत तेल नव्हतं. तिथे रबर फुगणार कसं? परीक्षेत पास होणारच होता दारवान.

मग त्यांना आठवलं. लेक जेवताना एकदा म्हणाली होती, "बाबा, रबर तेलाने फुगत असेल." ते म्हणाले होते, "बरं, सांगतो जावईबापूंना." आणि सांगितलं नव्हतं. त्याहून मागचंही आठवलं. लग्नाआधी तिने विचारलं होतं, मी येऊ का कारखान्यात? तेव्हा ते हसले होते. "हात काळे होतील तुझे," म्हणाले होते. मग ती कानाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दुकानात लागली. त्या यंत्रांना घामाची ओल लागते आणि ती बंद पडतात. ओल कुठून शिरते आणि कशी बाहेर काढायची, हेच दिवसभर तिचं काम. काकांनी त्या दुकानाची पायरी कधी चढली नव्हती.

गॅरेजमधून ते तिथेच गेले.

लेक काचेच्या काउंटरमागे दिव्याखाली वाकून बसली होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारी आपलं यंत्र दुरुस्त व्हायची वाट बघत होती. काका दारात घुटमळले.

"या," लेक वर न बघता म्हणाली. "आजींना ऐकू येत नाही. काय बोलायचं ते मोकळेपणाने बोला."

काका स्टुलावर बसले. "ती तार तू लावलीस?"

"हो."

"चांगली आहे."

"माहीत आहे मला."

"मला सांगितलं का नाहीस?"

आता लेकीने भिंग डोळ्यावरून काढलं. "सांगितलं होतं, बाबा. दोनदा. एकदा तुम्ही बरं म्हणालात, एकदा तुम्ही वरण वाढ म्हणालात."

म्हातारी दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती.

"म्हणून चोरून?"

"मालक दारवान काढून टाकायच्या बेतात होता. तुमचं नाव गेलं असतं. मी म्हटलं, आधी करून दाखवू, मग बोलू. सहाही झाले की सांगणार होते. तुमचा ठिपका फुटला तेव्हा कळलं की तुम्ही पाळत ठेवलीय. जे हाताशी होतं ते लावलं वरून." तिने भिंग काचेवर ठेवलं. "त्याला मीच शपथ घातली होती, बोलायचं नाही म्हणून. काल तुम्ही त्याला काय बोललात, तेही त्याने मला सांगितलेलं नाही. पण डबा जसाच्या तसा परत आणला."

काकांनी काउंटरच्या काचेवर हात ठेवला. हातावर अजून तो पांढरट तेलकट ओघळ वाळलेला होता. "मी त्याला चोर म्हणालो," ते म्हणाले. "शब्द तो नव्हता. पण म्हणालो तेच."

 लेकीने हातातल्या यंत्राचं झाकण लावलं, उठली आणि ते म्हातारीच्या कानात बसवलं. म्हातारीने डोकं दोन्हीकडे हलवून पाहिलं आणि विचारलं, "मिटलं का तुमचं भांडण?"

"नाही अजून, आजी," लेक म्हणाली.

संध्याकाळी काका लेकीच्या घरी गेले. जावयाने दार उघडलं, "या बाबा" म्हणाला, खुर्ची दिली. काकांनी वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती, पण ऐनवेळी एकच निघालं. "चुकलं माझं."

"हो," जावई म्हणाला. कुठला आव न आणता, राग न दाखवता. "पण मी परत येणार नाही, बाबा. त्या नोकरीला मी आज हो म्हटलंय."

काकांनी बरंच समजावलं. जावयाने शांतपणे ऐकून घेतलं आणि मत बदललं नाही. ते उठताना मात्र तो म्हणाला, "तुम्हाला कारखान्यात जो माणूस हवाय, तो मी नव्हतोच कधी. ते तुम्ही घरातच, तुमच्या लेकीला विचारायला हवं होतं."

काकांनी लेकीला विचारलं, पण ती लगेच कारखान्यात आली नाही. तिने काकांना महिनाभर लटकत ठेवलं, दुकान सोडायचं की नाही ते ठरवायला. मग आली ती अर्धा दिवस दुकान, अर्धा दिवस कारखाना असं ठरवून. पहिल्याच दिवशी तिने टेबल खिडकीकडे सरकवलं. काकांना ते अजिबात आवडलं नाही. गॅरेजमधले उरलेले तीन दारवान दोघांनी मिळून बदलले. तार तिने लावली, पाने काकांनी दिले. गॅरेजमालकाने एक लाल दरवाजा आरशासारखा चमकताना दाखवला आणि काका त्यात स्वतःचा चेहरा बराच वेळ बघत राहिले.

स्वभाव काही एका दिवसात जात नाही. एकदा एका मोठ्या लाँड्रीतून फोन आला. तिथे दारवान हवे होते, एकदम बरेच. "आम्हाला तुमच्या जावयांनी सांगितलं," तिथला माणूस म्हणाला. "ते त्यांचं विजेचं यंत्र दाखवायला आले होते, पण म्हणाले इथे दारवानच लावा."

काकांनी फोन ठेवला आणि भुवया जवळ आणल्या. "स्वतःचा धंदा सोडून आपल्याला कशाला देईल कुणी? काहीतरी डाव आहे यात. तिथली हवा खराब असणार. दारवान तोंडावर पडावा म्हणून..."

"फोन करा आणि विचारा," लेक म्हणाली. ती तारेचं टोक घासत होती.

काकांनी थोडा वेळ येरझाऱ्या घातल्या. मग खरंच फोन लावला. जावयाने उचलला.

"त्या लाँड्रीत आमचं नाव का सांगितलंत?" काकांनी सरळ विचारलं.

"तिथली वीज दिवसातून कितीदा जाते, विचारू नका," जावई म्हणाला. "माझं यंत्र तिथे टिकलं नसतं आणि शिव्या मी खाल्ल्या असत्या. दारवानाला वीज लागत नाही. इतकंच."

 काकांना आभार मानायची सवय नव्हती, आणि संशय घ्यायला काही उरलं नव्हतं.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

"दुपारचे चार वाजलेत, बाबा."

"मग चहाला या."

पलीकडे जावई हसला, बऱ्याच दिवसांनी. "आज नको," तो म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी येतो."